देव माळकरी झाला

"लादीवर नको. लादी बाटंल. खाली मातीत घास."

बुवा देवळाच्या दारात उभा राहून हे म्हणाला. माझी आय पायरीवर गुडघे टेकून बसली होती, नाक लादीला लागणार एवढ्यात त्याने तिला थांबवलं. ती उठली, पायऱ्या उतरून अंगणात आली. श्रावण होता. अंगणात चिखल. त्या चिखलात तिने नाक घासलं.

मी बाजूला उभी. माझ्या कडेवर लहानू, माझा धाकटा भाऊ. चार वर्षांचा असेल. अंग तव्यासारखं तापलेलं. श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या, माझ्या हाताला ते कळत होतं.

"देवाचं नाव घे," बुवा म्हणाला.

"वाघोबा, चुकले रे."

"वाघोबा नाय. वनेश्वर म्हन. वनेश्वर महादेव."

आयला ते म्हणता येईना. "वनेसर," ती म्हणाली. देवळात भजनाला बसलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

"परत."

ती परत म्हणाली. परत वनेसरच. मग बुवालाच कंटाळा आला असावा. त्याने चिमूटभर अंगारा घेतला आणि लहानूच्या कपाळावर वरून सोडला. बोट लागू दिलं नाही. अर्धा अंगारा लहानूच्या डोळ्यात गेला आणि तो रडला. रडायलाही त्याला दम पुरत नव्हता.

घरी येईपर्यंत आयने नाकाचा चिखल पुसला नाही. पुसला तर माफी पण पुसून जाईल असं तिला वाटत होतं.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. मी आश्रमशाळेत सातवीला होते. आमची ठाकरांची वाडी वैशाखऱ्याच्या पुढे, घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, डोंगराला टेकून. गाव खाली, भातशेतीत. वाडी आणि गाव यांच्या मध्ये एक ऐनाचं झाड आणि त्याखाली एक दगड. तो दगड म्हणजे आमचा वाघोबा.

त्या देवाला छप्पर नव्हतं, पुजारी नव्हता. माझा आजा त्याचा भगत. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला आजा दगडाला शेंदूर लावायचा, कोंबडा कापायचा, थोडी दारू ओतायचा आणि म्हणायचा, "खा, पी आनि आमच्या गुरांना हात लावू नको." व्यवहार सरळ होता. एका सालात वाघाने, वाघाने कसला बिबट्यानेच, आमची गाय नेली. आजा तरातरा दगडापाशी गेला आणि त्याला शिव्या घातल्या. "कोंबडा पन खाल्लास आनि गाय पन? लाज नाय वाटत?" त्या वर्षी त्याने शेंदूर लावलाच नाही. देवाला शिक्षा. आम्ही पोरं हसत होतो, आजा मात्र खरंच रागावला होता.

असा देव होता. त्याच्याशी भांडता यायचं. माझा त्याच्यावर विश्वास होता का, असा प्रश्न कधी पडलाच नाही. शेजाऱ्यावर कुणी विश्वास ठेवतं का? तो असतो.

आजा मेला आणि पुढच्याच उन्हाळ्यात गावाने त्या दगडावर देऊळ बांधलं. पुढाकार बुवाचा. हा बुवा म्हणजे गावातल्या जुन्या, बारमाही भात खाणाऱ्या घरातला. कल्याणला नोकरी, गळ्यात तुळशीची माळ, आवाज गोड. त्याला म्हणे दृष्टांत झाला की हा वाघोबा नाहीच, हा महादेव आहे, आणि इतकी वर्षं जंगली लोकांच्या हातून रक्त पिऊन त्याला त्रास होतो आहे. रेती नदीतून वाडीच्या बायांनीच डोक्यावर वाहिली. माझी आयही त्यात होती. देवाचं काम म्हणून हौसेने गेली. ऐन तोडला. दगडाभोवती भिंती आल्या, वर स्लॅब, खाली पांढरी लादी. दगडाचा शेंदूर खरवडून काढला आणि त्यावर पितळी मुखवटा बसवला, मिशी नसलेला. ज्या दिवशी प्राणप्रतिष्ठा झाली त्या दिवशी वाडीला जेवण होतं, पण दाराच्या बाहेर, शेवटच्या पंगतीला. आता आत यायचं नाही, बुवाने सांगितलं. आतला देव आता सोवळ्यातला.

वाडीतला एक म्हातारा तेव्हा म्हणाला, "देव माळकरी झाला रे. आता त्याला सुकट पन चालनार नाय." सगळे हसले. आमच्याकडे मोठं दुःख आलं की आधी अशीच थट्टा होते.

आयला मात्र त्या थट्टेचा अर्थ लागला नाही. तिच्या लेखी वाघोबा घरात राहायला गेला होता, एवढंच. माणूस झोपडीतून पक्क्या घरात गेला म्हणून जेवण सोडतो का? त्याच पावसाळ्यात लहानू आजारी पडला होता आणि तिने कोंबड्याचा नवस बोलला होता. लहानू बरा झाला. मग नवस फेडायला नको? बा तेव्हा गवताच्या वखारीवर कामाला होता, घरी नव्हता. वाघबारशीला ती एकटीच कोंबडा काखेत मारून देवळात गेली, कोणी नाही बघून दारातून आत झाली आणि आजा करायचा तसं केलं. पांढऱ्या लादीवर रक्त.

पुढचं सांगायला नको. झिंज्या धरून तिला बाहेर काढलं. देऊळ गोमूत्राने धुतलं, दुधाने धुतलं. बुवा वाडीत येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "ज्या पोरासाठी कोंबडा कापलास ना, तो देव आता त्याच पोराकडं बघील."

हे वाक्य आयच्या काळजात रुतलं. वर्षभर ते आत आत जात राहिलं. लहानू शिंकला तरी ती दचकायची.

म्हणून पुढच्या श्रावणात जेव्हा त्याला ताप भरला आणि तो धापा टाकायला लागला, तेव्हा मी म्हटलं, "आय, मुरबाडला नेऊ. दवाखान्यात." मी नागपंचमीच्या सुट्टीला घरी आले होते. शाळेत एक नर्सबाई येऊन सांगून गेल्या होत्या, पोराची बरगडी आत ओढली जात असेल तर वेळ घालवू नका. मी ते आयला सांगितलं. ती म्हणाली, "आदी देवाचं मिटवू. तो रागावलेला असंल तं डाक्टरची सुई लागंल का?"

आणि आम्ही खाली गेलो. देऊळ सकाळी बंद होतं. बुवा कामावरून यायचा होता. आम्ही पावसात, देवळाच्या पागोळीखाली, दिवसभर बसून राहिलो. गावातल्या एका बाईने लहानूसाठी चहा आणला, लांबून ठेवला. तिन्हीसांजेला बुवा आला, आणि मग ते नाक घासणं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता लहानूचे ओठ काळे पडायला लागले. बा आणि काका त्याला झोळीत घालून रस्त्याकडे पळाले. मी मागून. ओढ्याला पाणी होतं, ते छातीपर्यंत पाण्यातून गेले. रस्त्यावर जीप मिळेपर्यंत तो गेला होता. कपाळावर अंगारा तसाच. ओला होऊन भुवईपर्यंत ओघळला होता.

मी तो पुसला. माझ्या फ्रॉकने. त्या वेळी मला रडू आलं नाही. राग आला. एवढा राग मला त्याआधी कधी आला नव्हता आणि तो कोणावर काढायचा तेही समजेना.

दहावं झालं आणि बुवा वाडीत आला. बरोबर गावची चार माणसं. आम्ही म्हटलं, सांत्वनाला आली असतील. ते उभ्याउभ्याच बोलले. देवाचा कोप आहे, तो एका पोरावर थांबणार नाही, म्हणून येत्या सोमवारी सगळ्या वाडीने देवळापुढे येऊन माफी मागायची. "आनि ही पुढं," आयकडे बोट दाखवून बुवा म्हणाला. "हिनं परत नाक घासायचं. सगळ्यांसमोर."

बा खाली बघत होता. गावाच्याच शेतात लावणी, गावाच्याच विहिरीवर उन्हाळा, बोलणार कोण? आय तर उठलीच. म्हणाली, "येते मी. आत्ता म्हना, आत्ता येते."

मी दारात आडवी झाले.

"आय नाय येनार."

"तुला कोन इचारतं गो?" बुवा म्हणाला.

"तिनं एकदा घासलं. तुमी सांगितलं तसं घासलं. पोरगा मेला. आता परत कशाला?"

बुवाचा तो गोड आवाज बदलला. "आश्रमशाळेत जाऊन नास्तिक झाली काय ही?"

तो शब्द मी तोपर्यंत ऐकला नव्हता. शिवी असणार एवढं त्याच्या तोंडाकडे बघून कळलं. मी दारातून हलले नाही. आयने मला ढकललं, केस ओढले, पाठीत बुक्के घातले. मी चौकट धरून ठेवली. शेवटी बाने उठून तिला मागे घेतलं आणि बुवाकडे न बघता म्हणाला, "जावा तुमी. आमचं मेलंय. आमाला रडू द्या." माझ्या बाचं गावाशी एवढं मोठं बोलणं ते पहिलंच.

त्या सोमवारी वाडी गेली नाही. त्या साली आम्हाला गावात कापणीचं काम मिळालं नाही. घरंच्या घरं वीटभट्टीवर गेली. वाडीतल्या काही बाया मला दोष द्यायच्या, आणि ते मी समजू शकते.

शाळेत परत गेल्यावर मी गुरुजींना विचारलं, नास्तिक म्हणजे काय. ते म्हणाले, जो देव मानत नाही तो. एवढंच? मला वाटलं होतं काहीतरी घाण असेल. म्हटलं, मग मी ती आहे. बुवानेच माझं बारसं केलं म्हणायचं.

पण खोटं का बोलू, देव न मानणं सोपं नव्हतं. माझं बुवाशी भांडण एका दिवसात झालं. आयशी आयुष्यभर चाललं. एकदा, मी नर्सिंगच्या शिक्षणाला होते तेव्हा, तिला समजावत बसले. न्युमोनिया म्हणजे काय, फुफ्फुस म्हणजे काय. कुणाचा कोप नव्हता, आय. वेळेत औषध मिळालं असतं तर तो जगला असता. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे देव रागावला नवता?"

"नाय."

"मंग माजा लेक उगाच मेला?"

तेव्हा मला कळलं माणसं देव का धरून ठेवतात. भक्तीने धरतात, भीतीने धरतात, ते आहेच. पण माझी आय देव धरून बसली होती कारण तो सोडला असता तर तिच्या हातात एक चिखलातला दिवस उरला असता. पागोळीखाली बसून घालवलेला. त्यापेक्षा रागावलेला देव परवडला. त्याची माफी तरी मागता येते.

आणि वाघोबा? शिव्या ऐकून घेणारा आमचा तो जुना देव? लोक मला म्हणतात, तुझा राग बुवावर आहे, गावावर आहे, मूळ देवाने काय केलं? तेच तर. काहीच केलं नाही. त्याचा ऐन तोडला, शेंदूर खरवडला, त्याच्या दारात त्याची माणसं चिखलात लोळवली, आणि तो त्या मुखवट्याखाली बसून राहिला. वाघाचा देव म्हणे. साधा गुरगुरला नाही.

दोन हजार सालानंतर आय दुखण्याने थकली. मी तोवर रस्त्यालगतच्या एका दवाखान्यात नर्स झाले होते, तिला माझ्या खोलीवर आणलं होतं. शेवटच्या दिवसांत तिने एकच धोशा लावला. "मला येकदा देवळात ने गो. नाक घासते. मंग लहानूकडं जाते. असं नाय गेले तं तो मला भेटनार नाय."

दवाखान्यातल्या बाया म्हणाल्या, ने की. जाणारं माणूस आहे, तिचं समाधान. तुझं काय जातं? देवळाला आता कळस चढला होता, वाडीच्या माणसांना वरच्या पायरीपर्यंत येऊ देत होते. बुवा म्हातारा झाला होता, मऊ झाला होता म्हणत. नेलं असतं तर त्याने कदाचित तिला लादीवर घासू दिलं असतं.

मी रिक्षासुद्धा ठरवली होती. सकाळी आयला लुगडं नेसवलं, केस विंचरले. ती हसली. आणि तिच्या नाकावर हात फिरवताना माझ्याने पुढे होईना. मी तिला परत निजवलं. म्हटलं, "नाय नेनार."

तिने तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. तशीच गेली. माझ्यावर रागावून गेली, तिच्या देवाला भिऊन गेली. मी तिचं समाधान केलं नाही. ते मला पुष्कळ लागलं, आजही लागतं, आणि त्याला माझ्याकडे औषध नाही. पण ज्यांनी माझ्या भावाचा दिवस खाल्ला, त्यांच्या पायरीवरून माझ्या आयचं समाधान मी विकत घेणार नव्हते.

तिच्या दहाव्याला गावातून निरोप आला, भजन पाठवतो. मी नको म्हणून सांगितलं. दवाखान्यात अजून पोरं येतात, कपाळावर अंगारा, बरगडी आत ओढलेली. त्यांच्या आयांशी मी वाद घालत नाही. पोर हातातून घेते आणि आधी ऑक्सिजन लावते.

माझा देव नाही. उद्या असला, समोर येऊन उभा राहिला, तरी मी हात जोडणार नाही. त्याला खाली बसवीन आणि लहानूचं विचारीन. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय मी त्याला उठू देणार नाही.