आठ जागा, सापडल्या सात

माझी मुलगी संघप्रिया सव्वीस वर्षांची आहे. गडमुडशिंगीच्या मराठी शाळेत शिकली, रोज बसला लोंबकळत कोल्हापूरला येऊन डिप्लोमा केला आणि गेली चार वर्षं राजारामपुरीतल्या एका छोट्या कंपनीत प्रोग्राम लिहिते. शिरोलीच्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओततात त्या कारखान्यात, भट्टी मर्यादेबाहेर तापली की भोंगा वाजतो, तो प्रोग्राम तिचा. हे आधीच सांगते, कारण गेल्या आठवड्यात तिचे मालक धैर्यशील सर तिला सगळ्यांसमोर म्हणाले, "मराठी मीडियमची पोरं घेतली की हे असं होतं. ए बी सी डी तरी धड येते का?"

भट्टीचं आतलं अस्तर जुनं झालं होतं, म्हणून तापमानाची मर्यादा कमी करायची होती. सरांनी कुठल्याशा परदेशी वेबसाइटवरच्या चार ओळी उचलून प्रोग्राममध्ये चिकटवल्या आणि संघप्रियाला सांगितलं, यात नवा आकडा टाक. तिने टाकला. मंगळवारी भट्टी त्या आकड्याच्या पुढे गेली आणि भोंगा गप्प. भट्टीवरचे जुने कामगार केरबामामा, त्यांनी लोखंडाच्या रसाचा रंग बघूनच वीज तोडली. नाहीतर अस्तर फुटून वितळलेलं लोखंड माणसांच्या पायांवर आलं असतं.

सरांची एक पद्धत आहे. प्रोग्राम पाठवण्याआधी तो कागदावर छापून घ्यायचा, लाल पेनाने वाचायचा आणि प्रत्येक पानावर बरोबरची खूण करायची. तेच कागद त्यांनी टेबलावर आपटले. "हे बघ, सगळं बरोबर हाय. नंतर तूच काहीतरी बदललंस." माफीपत्र टाइप करून तयारच होतं. शनिवारपर्यंत सही, नाहीतर घरी. अनुभवाचा दाखलाही नाही.

मी काय म्हणाले? "सही करून टाक संघू, नोकरी टिकू दे." आई म्हणून जीव घाबरतो, पण ते वाक्य आठवलं की माझाच मला संताप येतो.

ती म्हणाली, "केरबामामांचा पाय भाजला असता तर तेही मीच केलं असं लिहून द्यायचं होतं का मी?"

शुक्रवारी तिने त्या पानांच्या झेरॉक्स माझ्यापुढे टाकल्या. "आई, मर्यादेचं हे नाव कुठं कुठं आलंय ते मोज." मी पेन्सिलने खुणा केल्या. आठ. तिने संगणकाला तेच नाव शोधायला लावलं. सात.

"एखादं कॅपिटल असेल," मी म्हणाले. संगणकाला लहान 'ए' आणि मोठा 'ए' वेगळे वाटतात, हे तिनेच मला शिकवलं होतं.

"सगळं स्मॉल करून बघितलं. तरी सातच."

न सापडलेली जागा सरांनी चिकटवलेल्या ओळींत होती. तिने त्या नावातलं एकेक अक्षर वेगळं काढून त्याचा संगणकातला क्रमांक तपासला. त्यातला 'ई' इंग्रजी नव्हताच, रशियन लिपीतला होता. दिसायला डिट्टो. आपल्याला ते एकच नाव, संगणकाला दोन वेगळी. नवा आकडा एका नावाखाली गेला आणि भोंगा दुसऱ्या नावाखालचा जुना आकडा बघत बसला. कागदावर हा फरक कुणालाच दिसला नसता. त्याच ओळीशेजारी सरांची लाल खूण होती. आणि ए बी सी डी येत नाही म्हणे माझ्या पोरीला!

शनिवारी तिने सरांना ते दाखवलं. त्यांनी उठून आधी दार लावलं. मग म्हणाले, "हे बाहेर बोलायचं न्हाय. तू सही कर, पुढच्या महिन्यात तुला टीम लीडर करतो."

"सर, तिकडे अजून माणसं उभी राहतात त्या भट्टीपाशी."

"मग सोमवारपासून येऊ नकोस."

जिना उतरतानाच तिने फाउंड्रीचे मालक हंबीरराव यांना फोन लावला. त्या भोंग्यावर विसंबू नका, एवढंच सांगितलं. त्यांच्याकडून ते कळल्यावर केरबामामा अडूनच बसले. "ज्या पोरीनं हुडकलं ती येऊन बघू दे, मग पेटवतो. कागदावर टिकल्या मारणारा नगं मला."

आज तिसरा दिवस, भट्टी थंड आहे. संध्याकाळी सरांचा फोन आला. तिने स्पीकर लावला.

"अगं ये की. तुझी चूक नव्हती म्हणतोय ना मी!"

"तेच लिहून द्या, सर. त्या ओळी कुणी चिकटवल्या तेही लिहा."

"एवढा पण इस्वास न्हाय व्हय माझ्यावर?"

"तुम्हाला तर सगळं कागदावर लागतं ना, सर."

सरांनी फोन कट केला. उद्या परत फोन येईल, कदाचित येणारही नाही. तिने घरी आणलेलं माफीपत्र अजून कपाटावर आहे, सहीची जागा कोरी. मी या वेळी तिला काहीच सुचवलं नाही, फक्त त्या आठ खुणांचे कागद नीट फाइलला लावून तिच्या बॅगेत ठेवले.