ताटावरचा हात

लातूरच्या त्या हॉटेलच्या मॅनेजरने वेटरच्या नोकरीसाठी माझी तीनदा मुलाखत घेतली. दर वेळी तो स्वतःच गिऱ्हाईक होऊन बसायचा आणि मला वाढायला लावायचा. दुसरी भाकरी आणली की ताटावर आडवा हात धरायचा. मला गावाकडच्या पंगतीत वाढायची सवय. मी हाताच्या फटीतून भाकरी सरकवायचेच.

"ताई, हे लगीन न्हाई, हॉटेल हाय. उद्या या."

अहमदपूरहून रोज एसटीने येऊन हेच ऐकायचं. वैताग नुसता.

चौथ्या दिवशी त्याने मला खऱ्या गिऱ्हाइकाकडे पाठवलं. त्या म्हाताऱ्या काकांनी ताटावर हात धरला, तशी मी निमूट मागे सरले. तेवढ्यात मॅनेजर आला आणि फटीतून भाकरी सरकवत म्हणाला, "घ्या की, काका."

"अहो, मला तर तुम्ही मनाई केली होती!" मी म्हणाले.

"उद्यापासून कामाला या," तो म्हणाला. "मनाई तुमाला हाय, मला न्हाई."