राखेचा बुधवार आणि सासूबाईंची केरसुणी

देवासाठी चाळीस दिवस उपास करणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण ते दिवस शिट्टी फुंकून मोजणारा माणूस उभ्या मराठवाड्यात एकच होता आणि तो आमच्या भिंतीपलीकडे राहत होता. हट्टा गावच्या शाळेत मी मराठी शिकवायचे आणि ते ड्रिलमास्तर होते. मूळचे वसईकडचे, कॅथलिक. "दोन वर्षं काढतो आणि जातो," म्हणत आले ते सत्तरचं दशक निम्मं सरलं तरी आमच्या शेजारच्याच खोलीत. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू झाला की रोज सकाळी दारात उभं राहून ते एक कडक शिट्टी मारायचे, म्हणजे त्या दिवसाची हजेरी लागली. रविवार त्या चाळीसांत मोजत नाहीत म्हणून रविवारी शिट्टी नसे, आणि त्या शांततेनेच आम्हाला उलट लवकर जाग यायची.

माणूस सरळ होता, नको इतका. चालायचे ते परेडसारखे, भाजी निवडायचे ती रांगा करून. शुक्रवारी मटण खायचं नाही हा त्यांचा नेम. आता हट्ट्यात मटण मिळायचं ते फक्त बाजारच्या दिवशी, त्यामुळे त्यांचा हा त्याग कुणाच्या लक्षातच येत नसे आणि याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. मग दर शुक्रवारी ते ओट्यावर येऊन जाहीर करायचे, "आज मी मटण खाणार नाही." माझ्या सासूबाई म्हणायच्या, "पण मास्तर, आज गावात मटण हायच कुठं?" यावर ते छाती काढून म्हणत, "असतं तरी खाल्लं नसतं, आई." एका वर्षी त्यांनी उपवासकाळात चहा सोडला. चौथ्या दिवशी सातवीच्या पोरांना त्यांनी इतकं पळवलं की आमचे हेडमास्तर, जुन्या निजामी वळणाचे शांत मुसलमान गृहस्थ, स्वतः मैदानावर आले आणि हात जोडून म्हणाले, "मास्टर, रोजे हम बी रखते, मगर बच्चों की जान नइं लेते. कुछ और छोडो." पुढच्या वर्षी मास्तरांनी साखर सोडली आणि शाळा वाचली.

या सगळ्याची सुरुवात व्हायची राखेच्या बुधवारी. त्या दिवशी ते पहाटेची एसटी धरून कुठल्याशा दूरच्या चर्चला जायचे आणि दुपारी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन परतायचे. स्टँडवरची माणसं राम राम करून विचारायची, "काय मास्तर, औंढ्याला नागनाथाला जाऊन आलाव जणू?" पहिल्या वर्षी त्यांनी उभ्या उभ्या सगळं समजावून सांगितलं, की माणूस मातीचा आहे, मातीतच जायचा आहे, ते विसरू नये म्हणून ही राख. ऐकणारा म्हणाला, "आमचा नागनाथ तरी दुसरं काय सांगतो?" तेव्हापासून मास्तर नुसतं "व्हय, तिकडूनच" म्हणून पुढे सटकायचे.

ही राख साधी चुलीतली चालत नाही, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. ईस्टरच्या आदल्या रविवारी चर्चमध्ये झावळ्या आशीर्वादित करतात, त्या लोक वर्षभर घरात जपून ठेवतात आणि पुढच्या वर्षी त्याच जाळून राख करतात. एका वर्षी झावळ्यांच्या रविवारी मास्तर आजारी आईला भेटायला गावी गेले होते. येताना त्यांनी शिंदीच्या पानांची चांगली पेंढीभर जुडी आणली आणि खोलीतल्या तसबिरीमागे खोचून ठेवली. पुढे श्रावणात त्यांची आई गेली. दिवाळीच्या सुट्टीत ते आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला गावी गेले आणि किल्ली नेहमीप्रमाणे आमच्याकडे ठेवून गेले.

मग जानेवारीत त्या दूरच्या चर्चमधल्या फादरांचं पत्र आलं, की यंदा राखेच्या बुधवारी मीच हट्ट्याला येतो, मिस्साची प्रार्थना तुमच्या खोलीतच करू. मास्तर हवेत होते. दवाखान्यातली मल्याळी नर्स आणि रस्त्याच्या कामावरचे ओव्हरसियर, त्यांचं कुटुंब, एवढीच काय ती त्यांच्या धर्माची माणसं आसपास, पण तयारी जत्रेची. खोलीला बाहेरून चुना झाला. फादरांना त्यांनी ठासून उत्तर लिहिलं, "राख आणू नका. राख आमच्या घरची." पत्र टाकण्याआधी ते मला वाचूनही दाखवलं होतं.

मंगळवारी शाळा सुटल्यावर झावळ्या जाळायच्या होत्या. मी चहा ठेवत होते, तेवढ्यात पलीकडून पेट्या सरकवल्याचे, खाट ओढल्याचे आवाज येऊ लागले. थोड्या वेळाने मास्तर दारात आले. चेहरा पांढरा पडला होता. सासूबाई अंगण झाडत होत्या. त्यांनी विचारलं, "काय शोधून राहिलाव मास्तर?"

"तसबिरीमागे शिंदीची पानं होती, आई. वाळलेली."

"ती व्हय?" सासूबाई खुशीत म्हणाल्या. "दिवाळीत तुमची खोली बंद काहून ठेवायची म्हणून मी झाडून काढली. पाला चांगला व्हता, वाया कसा घालवू? ही काय, हातात हाय की माझ्या."

आणि त्यांनी केरसुणी वर करून दाखवली. चार महिने घासून तिची टोकं झिजली होती. मुठीवर मात्र पाल्यातच सापडलेली एक छोटी विणलेली फुली शोभेसाठी घट्ट बांधलेली होती. मास्तर त्या फुलीकडेच बघत राहिले. आत चुलीवर माझा चहा उतू गेला.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "ती जाळायची होती, आई. उद्यासाठी."

सासूबाईंनी केरसुणी छातीशी धरली. "अवो, लक्ष्मीपूजनाला हळदीकुंकू वाह्यलंय हिला. लक्षुमी कुणी जाळतं व्हय?"

दोघंही खरं बोलत होते, म्हणून बोलणं तिथंच थांबलं. "नाही, नाही, मी तसं कसं म्हणेन?" असं पुटपुटत मास्तर आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. सहा वर्षांत ते दार दिवसा लागलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांच्या पाहुण्यांसमोर त्यांची उद्या मान खाली जाणार आणि आमचा शेजार संपणार, हे मला दिसत होतं. सासूबाईंना मी म्हटलं, "ती फुली त्यांच्या आईच्या हातची आहे. आजारात अंथरुणावर बसून विणली होती. त्यांनी मला दाखवली होती, पण तुमच्या केरसुणीवर ती मला आजवर ओळखू आली नाही."

सासूबाई मटकन ओट्यावर बसल्या. "मायच्या हातची? मग आधी काहून सांगितलं न्हाई गं?" त्यांनी केरसुणी मांडीवर घेतली, कुंकवाचं बोट लावलं, नमस्कार केला आणि सुतळीची गाठ सोडायला लागल्या. स्वतःच आवळलेली गाठ, सुटता सुटेना. शेवटी दातांनी सोडली. सगळा पाला मोकळा झाल्यावर त्यांनी मास्तरांचं दार वाजवलं. "घ्या मास्तर. सुटली की ती केरसुणी न्हाई, लक्षुमी बी न्हाई. निस्ता पाला हाय. बिनघोर जाळा."

मास्तरांनी पाला घेतला आणि कवायतीच्या मैदानावर सगळ्यांना दटावणारा तो माणूस लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. मला तर इतकं हलकं वाटलं, की मी उगाचच हसत सुटले. आमच्याच घमेल्यात ती पानं जळली. सासूबाईंनी घमेल्यालाही हळदीकुंकू लावलं आणि मास्तरांनी ते लावू दिलं. फुली मात्र त्यांच्या मुठीतच राहिली. दोनदा हात पुढे केला, दोनदा मागे घेतला. "ही पुढच्या वर्षी," ते म्हणाले.

"जाळवत न्हाई तर नका जाळू," सासूबाई म्हणाल्या. "मी जाईन तवा टाका माझ्यासंगं. दोघी म्हाताऱ्या बराबर जाऊ."

दुसऱ्या दिवशी फादर आले. मास्तरांनी गुन्हा कबूल करावा तशी त्यांना केरसुणीची सगळी हकिकत सांगितली. फादर हसता हसता खोकायला लागले. म्हणाले, "अहो, माणूस माती आहे हे सांगायला राख लावतात. ही तर चार महिने माती झाडून आलेली, हिच्याहून चांगली राख मी कुठून आणणार होतो?" मास्तरांचा ताठ कणा त्या वाक्याने दोन बोटं आणखी वर गेला. राख लावून घ्यायला सासूबाईही रांगेत उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर घेऊन. दुपारी विहिरीवर कुणीतरी विचारलं, "म्हातारे, नागनाथाला गेलतीस का?" त्या म्हणाल्या, "न्हाई गं. माझ्या केरसुणीची हाय."

फुली दर वर्षी "पुढच्या वर्षी" राहिली. मास्तरांची पुढे जिल्ह्यातल्याच पुसेगावला बदली झाली, तिथूनही राखेच्या बुधवारी ते कपाळ दाखवायला एसटीने यायचे आणि सासूबाई त्यांना विचारायच्या, "जाळली का न्हाई अजून?" दशक सरत आलं तेव्हा, एका थंडीत, सासूबाई गेल्या. निरोप मिळताच मास्तर मिळेल त्या गाडीने आले. पहिल्यांदाच त्यांच्या गळ्यात शिट्टी नव्हती. अंगणात ठेवलेल्या सासूबाईंशेजारी ते गुडघ्यांवर बसले, खिशातून ती वाळकी फुली काढली आणि त्यांच्या हाताखाली पदरात सारली. "बराबर जा," एवढंच म्हणाले आणि खांदा द्यायला उभे राहिले.

माणसं निघून गेल्यावर मी रीतीप्रमाणे घर झाडायला घेतलं. केरसुणी सासूबाईंनीच बांधलेली होती. मुठीवर सुतळीची तीच आवळ गाठ हाताला लागली आणि तेव्हा कुठे मला रडू आलं.