गीझरवरच्या किल्ल्या

गळतीकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता फक्त वीजमंडळ उरलं आहे, तेही बिलावर. लोकांच्या घरांत शिरायचं, गार वारा कुठून घुसतो, ऊब कुठून पळते, वीज आणि गॅस कुठे वाया जातो ते शोधायचं आणि कागदावर लिहून द्यायचं, हा त्यांचा अठरा वर्षांचा धंदा. पाहुणे म्हणून कुठे गेले तरी नमस्कार करण्याआधी मनगट खिडकीच्या कडेने फिरवून घेतात. बायको म्हणते, "आत माणसंही बसलीत हो, त्यांच्याकडे बघितलंत तर वीज जळत नाही."

असं सगळं बरं चाललेलं असताना वरून फर्मान आलं. सगळ्या तपासनिसांनी नव्याने प्रशिक्षण घ्यायचं, एका खऱ्या घरात परीक्षकासमोर तपासणी करून दाखवायची, नाहीतर परवाना रद्द. संधी तीन.

प्रशिक्षण देणारे सर काकांच्या अर्ध्या वयाचे. त्यांना कुठलंच वाक्य एकट्याने संपवायचं नसे.

"आता सांगा बरं, घर म्हणजे काय? घर म्हणजे एक पि... पि...?"

"पिशवी," वर्ग कण्हत म्हणे.

"शाब्बास! आणि कशी पिशवी? भो... भो...?"

काकांना वाटे, हा आता भुंकणार. बारा दिवस त्यांनी 'भोकं' म्हटलं. त्रेपन्नाव्या वर्षी.

पहिल्या परीक्षेत वेळ संपला, कारण घरमालकिणीची सैल खिडकी बघवेना म्हणून काका ती स्वतःच आवळत बसले. दुसऱ्या परीक्षेत सगळे आकडे बरोबर काढले आणि शेजारच्या रकान्यात भरले. राहिली एक. घरातून निघताना बायकोने बजावलं, "हा परवाना गेला तर तुम्ही दिवसभर घरी असाल. माझा विचार करा."

आणि त्याच सकाळी परीक्षेसाठी ठरलेल्या घरमालकाचा फोन आला: तापाने फणफणलोय, येऊ नका. परीक्षेचा नियम असा, की दुसरं घर तासाभरात मिळवा, नाहीतर संधी गेली. काकांनी घाईघाईत फोन लावला तो थोरल्या बहिणीला. तिथेच चुकलं.

"ये की रे बाळ्या!" ताईने परीक्षकबाईंच्या देखतच त्यांना दारात घेतलं. "काय ही दशा! शर्ट तरी इस्त्रीचा घालायचास. ही कोण? तुझी साहेबीण? एवढीशी?"

परीक्षकबाई खरोखर एवढीशीच होती. सहा वर्षांपूर्वी ती काकांच्याच हाताखाली हे काम शिकली होती. आज मात्र तिच्या हातात फळी होती, फळीवर कागद होता आणि ओळखीचं हसू तिने घरी ठेवलं होतं.

"काका, दोन तास. सुरू करा."

तपासणीचा मुख्य भाग असा: घराच्या दाराच्या चौकटीत एक जाड लाल पडदा ताणून बसवायचा, त्यात एक दांडगा पंखा. घराच्या सगळ्या खिडक्या लावायच्या. पंखा घरातली हवा बाहेर फेकू लागला की बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून आत घुसते. किती घुसते ते यंत्र सांगतं, कुठून घुसते ते माणसाने शोधायचं.

"ताई, खिडक्या लाव सगळ्या."

"लावल्या."

काकांनी मागे वळून पाहिलं. स्वयंपाकघराची सताड उघडी.

"ती?"

"ती कशी लावू? जीव घुसमटतो."

"वीस मिनिटं, ताई!"

"लहानपणी तुला गोधडीत गुंडाळलं की बोंब ठोकायचास, आणि आता मला कोंडतोस?"

काकांनी खिडकी लावली. बैठकीची लावायला गेले तोवर स्वयंपाकघराची पुन्हा उघडली. शेवटी त्यांनी ताईला खुर्चीवर बसवलं आणि हात जोडले. परीक्षकबाईने कागदावर काहीतरी लिहिलं. ती काय लिहिते हे दिसत नव्हतं, म्हणून काकांना जास्तच घाम फुटला.

आता उरला गीझर. तो न्हाणीघरात, गॅसवर चालणारा. पंखा सुरू असताना गीझर पेटलेला राहिला तर त्याचा विषारी धूर नळीवाटे बाहेर जायच्या ऐवजी उलटा घरात ओढला जातो. म्हणून गीझर आपल्या हाताने बंद करायचा आणि स्कूटरच्या किल्ल्या त्याच्यावर ठेवायच्या. म्हणजे काम झाल्यावर किल्ल्या घ्यायला जावंच लागतं, आणि गीझर पुन्हा सुरू करून द्यायचं विसरत नाही. किल्ल्या गीझरवर गेल्याशिवाय पंख्याला हात लावायचा नाही, हे काकांनी आजवर प्रत्येक शिकाऊ पोराच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं. या परीक्षकबाईच्याही.

पण न्हाणीघराला आतून कडी. आत नळ धो धो वाहतोय.

"भाऊजी! किती वेळ?"

"आंघोळ करतोय रे!"

"अहो, गीझर बंद करा!"

"केला, केला!"

घड्याळात पन्नास मिनिटं गेलेली. काकांनी 'गीझर बंद' या चौकोनात खूण केली आणि पंखा सुरू केला.

आकडा आला तो बघून त्यांनी यंत्रालाच एक टपली मारली. एवढी गळती तर भिंत नसलेल्या घराला असते. कुठेतरी खिडकी उघडी होती. ताई खुर्चीवरच होती, तोंड फुगवून. मग कोण?

तेवढ्यात न्हाणीघराच्या दाराखालून एक निळसर रेघ आली. सरपटत, संथपणे, जमिनीलगत बैठकीत आली आणि पंख्याच्या दिशेने उचलली गेली.

"आग!" ताई खुर्चीवर उभी राहिली. "बाळ्या, माझं घर पेटवलंस!"

मग तिने नाक वर केलं. एकदा हुंगलं. दोनदा हुंगलं. आणि खुर्चीवरून उतरली, फार सावकाश.

"अहो," ती दाराशी जाऊन गोड आवाजात म्हणाली, "आंघोळ झाली का?"

"होत आली," आतून खोकला.

"आणि सिगारेट?"

नळ बंद झाला.

हृदयाच्या दुखण्यानंतर भाऊजींनी डॉक्टरांसमोर, मुलांसमोर, ताईच्या डोक्यावर हात ठेवून सोडलेली सिगारेट ती. धूर खिडकीतून बाहेर जाईल हा त्यांचा हिशेब रोज बरोबर यायचा. आज घरच बाहेरची हवा आत ओढत होतं.

काकांना हसू येणारच होतं. पण त्यांनी सवयीने हात खिशात घातला. किल्ल्या खिशात होत्या.

त्यांनी झेप घेऊन पंखा बंद केला. "ताई, खिडक्या उघड! सगळ्या! भाऊजी, बाहेर या आधी!"

भाऊजी कोरडेठाक बाहेर आले. आंघोळीचं सोंग म्हणून सोडलेल्या गरम पाण्याच्या नळामुळे गीझर मघापर्यंत पूर्ण पेटलेला होता. काकांनी आत जाऊन तो बंद केला.

बाहेर ताईच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. परीक्षकबाई तिच्याकडे बघत होती, फळी छातीशी धरून. तिने किल्ल्या पाहिल्या नव्हत्या. 'घरातले खोटं बोलले, मी काय करणार' असं म्हणून सगळं भाऊजींच्या माथी मारता आलं असतं. भाऊजींच्या माथ्यावर तेव्हा इतकं होतं की आणखी एक कळलंही नसतं.

"बाई," काका म्हणाले, "गीझर मी बघितलाच नव्हता. दाराबाहेरून विचारलं आणि खूण केली. किल्ल्या माझ्या खिशातच होत्या. लिहा."

तिने पेन फळीवर आडवं ठेवलं. मग म्हणाली, "ही चूक परीक्षकाला सापडली तर थेट नापास. उमेदवाराने स्वतः पंखा थांबवून सांगितली तर राहिलेल्या वेळात पहिल्यापासून सुरू करता येतं. पान सात. वाचलंय?"

"नाही."

"वाटलंच. एक तास राहिलाय, काका."

काकांनी ताई आणि भाऊजी दोघांनाही घराबाहेर काढलं. किल्ल्या गीझरवर ठेवल्या, प्रत्येक खोलीत स्वतः गेले, प्रत्येक कडी स्वतः ओढली, कोणाला काही विचारलं नाही. न्हाणीघराची खिडकी मात्र लागेना. तिची कडीच कोणीतरी सोयीसाठी काढून ठेवली होती. काकांनी तसं लिहिलं, योग्य रकान्यात, बोट ठेवून. पंख्याच्या घरघरीवर ताईचा आवाज अंगणातून ऐकू येतच होता.

शेवटचा प्रश्न पाच गुणांचा: सर्वांत मोठी गळती घरमालकाला सोप्या शब्दांत समजावून सांगणे.

"ताई," काका पायरीवर उभे राहून म्हणाले, "तुझ्या घराची सगळ्यात मोठी गळती न्हाणीघराच्या खिडकीत आहे. तिची कडी काढलेली आहे. थंडीत सगळी ऊब तिथून जाते."

"कधीपासून?"

"गंजावरून वाटतं, दोनेक वर्षं."

भाऊजींनी डोळे मिटले. दुखणं होऊन तितकीच वर्षं झाली होती.

"घरमालकाला समजलं का?" परीक्षकबाईने कागदावरचा प्रश्न वाचला.

"समजलं," ताई म्हणाली. "अगदी स्वच्छ समजलं. आत चला हो."

परीक्षकबाईने पाचपैकी पाच लिहिले, बेरीज दोनदा केली आणि खाली सही ठोकली. "पास. काठावर. परवाना तीन वर्षांचा, मग पुन्हा प्रशिक्षण."

"त्याच सरांकडे?"

"त्यांच्याचकडे."

काका पायरीवर मटकन बसले.