मालनबाईंनी वेचलेले दाणे

आमच्या करडी गावात मालनबाईंनी पाखडलेल्या तांदळात खडा निघाला, असं म्हणायची कुणाची हिंमत नाही. सारा जन्म धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरात गेलेला. दाणा पाहून त्या वाण सांगतात, आणि कुणी न विचारताच सांगतात. रेशनच्या तांदळात मधेमधे वेगळेच पांढुरके दाणे दिसू लागले, तेव्हा त्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला, "पिलास्टिक हाय!" मग दर महिन्याला चष्मा लावून त्या एकेक दाणा वेचत आणि अंगणातल्या कोंबडीला टाकत. मोहल्ल्यातल्या बायकांनाही त्यांनी तेच शिकवलं. माझी बायको त्यांची पहिली चेली.

यंदा गावात तपासणी झाली आणि मालनबाईंचं रक्त कमी निघालं. गावची आशा सेविका कामिनी समजवायला आली, तर बाई दाणेच वेचत बसलेल्या.

"मोठीमाय, हे दाणे फेकता कायले? रगत वाढवाले सरकारनं या दाण्यातच त लोह घातलं हाय!"

मालनबाईंनी वेचलेला दाणा परत सुपात टाकला. चाळीस वर्षांच्या शेजारात हे मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी कोंबडीकडे नजर टाकली. अंग तुकतुकीत, तुरा लालबुंद.

"मंग पोरी," सूप बाजूला ठेवत त्या म्हणाल्या, "आज हिलेच शिजवा लागते. माझं वर्षभराचं रगत हिच्याच पोटात गेलं."