दिसायला बटणांचा शर्ट

कोपऱ्यावरच्या दुकानात शर्टवाले मास्तर तीस वर्षं शर्ट शिवत होते. मग समोर दोन मजली रेडिमेडचं दुकान झालं आणि मास्तरांवर माशा मारायची वेळ आली.

"बाबा, दुकान जरा चकाचक करा," मुलगी म्हणाली. मास्तरांनी भिंती रंगवल्या, दिव्यांची पाटी लावली. गिऱ्हाईक वाढलं नाही, पाटीभोवती किडे मात्र न चुकता जमू लागले. मग त्यांनीही आयते शर्ट शिवून टांगून पाहिले. ते टांगलेलेच राहिले.

"समोरच्याकडे मिळतं तेच ठेवलं, तर माझ्याकडे कोण कशाला येईल?" ते बायकोला म्हणाले. पण वेगळं काय करायचं, तेही सुचेना.

त्याच वर्षी त्यांच्या थोरल्या भावाला अर्धांगाचा झटका आला. दादा शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकणारे. चालू-बोलू लागले, पण उजव्या हाताची बोटं काही वळेनात. एका सकाळी मास्तर भेटायला गेले, तेव्हा वहिनी दादांच्या शर्टाची बटणं लावत होत्या आणि दादा छताकडे बघत उभे होते.

"अहो, मान जरा वर करा."

"आता पाण्याची बाटली गळ्यात अडकव, म्हणजे मी बालवाडीत जायला मोकळा," दादा म्हणाले.

तिघंही हसले. पण निघताना वहिनींनी दाराशी हळूच सांगितलं, "भावजी, बाहेर जायचं नावच काढत नाहीत हो. टी-शर्ट आणला, तर म्हणाले, बनियनवर गावभर फिरू का?"

मास्तरांनी दादांचा एक जुना शर्ट दुकानात आणला. काजं शिवून बंद केली, बटणं त्यांच्यावरच पक्की बसवली आणि आतून, लहान मुलांच्या बुटांना असते तशी चर्रकन उघडणारी पट्टी गळ्यापासून खालपर्यंत लावली. वरून बघणाऱ्याला साधाच शर्ट. दादांनी तो डाव्या हाताने दाबत दाबत एकट्याने घातला.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"वाचनालयात मला शिंक आली. चर्र! शर्ट वरपासून खालपर्यंत उघडा. अब्रू गेली माझी!"

"दादा, तू वाचनालयात गेला होतास?"

"गेलो होतो. म्हणूनच सांगतोय, तो शर्ट नीट कर."

मास्तरांनी सलग पट्टी उसवून प्रत्येक बटणामागे बोटभर तुकडा लावला. आता शिंक सोसवली, पण धुताना शर्टाला घरातले सगळे मोजे चिकटून आले. मग त्या तुकड्यांवर छोटी झडप शिवली. मनगटाला बटणाऐवजी इलॅस्टिक घातलं. चौथा शर्ट जमला तेव्हा मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

दादांकडून व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी तो शर्ट पाहिला आणि पत्ता विचारला. आठवडाभरात त्यांचे चार पेशंट दुकानात आले. प्रत्येकाची अडचण निराळी. एकाचा खांदाच वर जात नव्हता, त्याला मास्तरांनी बाहीच्या वरच्या शिवणीवर उघडणारा शर्ट बेतून दिला. मशीन पुन्हा दिवसभर धडधडू लागलं.

एके दुपारी रेडिमेडवाला स्वतः रस्ता ओलांडून आला. हातात पाच शर्ट.

"वडिलांचे आहेत," तो म्हणाला. "माझ्याकडे दोन मजले भरून शर्ट आहेत, मास्तर, पण त्यांना एकट्याने घालता येईल असा एक नाही."

"त्यांनाच घेऊन या," मास्तरांनी खुर्ची पुढे केली. "ते शर्ट कसा घालतात ते आधी बघतो."

तेव्हापासून समोरच्या दुकानातून अशी गिऱ्हाइकं मास्तरांकडे धाडली जातात. आणि मास्तर दर बुधवारी सकाळी त्या बाईंच्या व्यायामाच्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून, लोक कपडे घालताना नेमके कुठे अडतात ते बघत असतात. आधी विचारून, अर्थात.

मागच्या बुधवारी चाकाच्या खुर्चीतल्या एका चित्रकार बाईंनी त्यांना फैलावरच घेतलं. "पँटला मागे खिसे कशाला देता हो? मी त्यांच्यावर बसते! मला खिसे मांडीवर हवेत, ब्रश मावतील असे."

घरी येऊन मास्तरांनी ते बायकोला सांगितलं.

"पण तुम्हाला पँट कुठे शिवता येते?" तिने विचारलं.

"नाही येत," मास्तर खुशीत म्हणाले आणि खडू घेऊन कागदावर वाकले.