पाकिटातलं मत

चिंचवडहून सकाळची गाडी धरताना घरी मी "कर्जतला जाऊन येते" एवढंच सांगितलं. कुणाला भेटायचंय आणि कशासाठी, हे सांगितलं असतं तर सगळ्यांनी मला वेड्यात काढलं असतं. मला एक बाई शोधायची होती. तिचं नाव चांगुणा, आणि पळसदरीच्या वरच्या ठाकरवाडीतली (डोंगरातल्या ठाकरांच्या वस्तीतली) ती एकदा खालच्या केंद्रावर मत द्यायला आली होती, यापलीकडे मला तिच्याबद्दल काहीही ठाऊक नव्हतं.

माझे वडील, अण्णा, कर्जतला शिक्षक होते. निवडणूक आली की त्यांना केंद्राध्यक्ष करून कुठल्या ना कुठल्या गावच्या शाळेत पाठवत. ते मतपेटीचे, कागदावर शिक्का मारायचे दिवस. यंदाच्या माघात अण्णा गेले. जाण्याआधीचे पंधरा दिवस, माझ्याच घरी अंथरुणावर पडून, ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते.

पळसदरीच्या केंद्रावर थंडीतल्या एका दुपारी एक तरुण बाई आली. पायांवर विटांची लाल धूळ. यादीत नाव पाहिलं तर तिच्या नावावर सकाळीच कुणीतरी मत देऊन गेलेलं. बाईचं बोट मात्र कोरं होतं. अशा वेळी टेंडर व्होट (आपल्या नावावर दुसऱ्यानं आधीच मत दिलं असेल तर मिळणारी वेगळी मतपत्रिका) द्यावं लागतं. बाईनं शिक्का मारला. ती मतपत्रिका पेटीत टाकायची नसते, पाकिटात घालून सीलबंद करायची असते. आणि ते पाकीट, कोर्टानं मागितल्याशिवाय, मोजणीत कुणी उघडत नाही.

"पेटीत का नाय टाकलं?" असं तिनं विचारलं होतं.

"तुझं मत खास आहे, म्हणून जपून वेगळं ठेवलंय," अण्णा म्हणाले होते.

"खोटं बोललो गं मी, वसू," ते मला म्हणाले. "ती किती खूश होऊन गेली! चांगुणा तिचं नाव. एकदा तिला खरं सांगायला हवं होतं."

बोरघाट उतरताना बोगद्याबोगद्यातून मी हेच घोळवत होते. आता दिसतं, आता नाही, असं करत खालचं कोकण वर येत गेलं. पळस संपले होते, करवंदीच्या जाळ्या काळ्या झाल्या होत्या. कर्जतला उतरून मी खोपोलीची गाडी धरली. डब्यात मी, दोन कोळणी आणि एक झोपलेला कामगार. खोपोलीला अण्णांचे जुने सहकारी दामले सर राहतात. वाडीची वाट त्यांनाच माहीत असणार होती.

दामले सरांचं घर डोंगराकडे तोंड करून आहे. वरून वीजघराकडे उतरणारे नळ ओट्यावरून दिसतात. सर ऐंशीच्या पुढे गेलेत, पण निवडणुकीचा विषय निघाला की पाठ ताठ होते. काकूंनी पन्हं आणि आंबेडाळ समोर ठेवली, आणि सरांनी सुरुवात केली.

"आपण आधी कुलाब्यात. जिल्ह्याचं नाव रायगड झालं तरी लोकसभेचा मतदारसंघ कितीतरी वर्षं कुलाबाच. खासदार व्हायचा तो समुद्राकडचा. अलिबाग, पेण, महाड, तिकडची गणितं. आम्ही डोंगराच्या पायथ्याचे, शेपटाला. प्रचाराची जीप यायची ती शेवटच्या दोन दिवसांत. मग मतदारसंघांची फेररचना झाली आणि आम्हाला उचलून घाटावर जोडलं. मावळ! आता खासदार घाटावरचा. जीप घाट उतरते तीसुद्धा शेवटच्या दोन दिवसांतच."

"विधानसभेचंही नाव बदललं ना?"

"बदललं तर! पूर्वी खालापूर म्हणायचे, आता कर्जत. मतदार तेच, शाळेची खोली तीच, खोलीतलं टेबलसुद्धा तेच. फक्त आपण कुणाचे, ते दर पिढीला नव्यानं सांगतात." सरांनी पन्ह्याचा घोट घेतला. "तू चिंचवडची, म्हणजे तुझा आणि माझा खासदार आता एकच. आहे की नाही गंमत?"

मला हे माहीत होतं, पण असं कधी जाणवलं नव्हतं. लग्न होऊन घाट चढले तेव्हा माहेर सुटलं असं मी धरून चालले होते. नकाशावर मात्र कुणीतरी ते माझ्यामागून आणून जोडलं होतं. जोडलं तेव्हा आई नव्हती, आणि आता अण्णाही नव्हते.

चांगुणाचं नाव सरांना आठवेना. "वाडीची वाट पळसदरीच्या धरणाच्या वरून जाते," एवढं त्यांनी सांगितलं. काकूंनी पदराला बांधायला कांदा दिला. "ऊन फार आहे गं, जवळ असू दे."

खोपोलीहून मागं येऊन पळसदरीला उतरले तेव्हा दोन वाजले होते. धरणाचं पाणी तळाला गेलं होतं. वाट मी पहिल्याच फाट्याला चुकले आणि एका फार्महाऊसच्या बंद फाटकाशी जाऊन उभी राहिले. तिथंच माझ्या चपलेचा अंगठा तुटला. फाटकावरच्या राखणदारानं सुतळी आणून चप्पल बांधून दिली.

"वर चांगुणाबाई म्हणून कुणी आहेत का?" मी विचारलं.

"कोन, दिल्लीवाली?" तो हसला. "हाय की. ह्या बांधावरनं सरल वर जावा. पयल्या आंब्याखाली तिचं घर हाय."

दिल्लीवाली का, ते त्याला सांगता आलं नाही. सगळे म्हणतात म्हणून तोही म्हणत होता.

अर्धा तास चढून वाडीत पोचले. कुडाची घरं (कारवीच्या काठ्या शेणानं लिंपून केलेल्या भिंतींची), मधूनच एखादं विटांचं. आंब्याखाली एक काटक म्हातारी करवंदं निवडत बसली होती. पलीकडे तिची सून भांडी घासत होती. मी नाव सांगितलं, अण्णांचं सांगितलं. "मतदानाचे गुरुजी," असं म्हटल्यावर तिचे हात थांबले.

"पाकीटवालं गुरुजी?" ती म्हणाली. "सुगंधा, अगं पानी आन. गुरुजींची लेक आलीया!"

पाणी आलं. मागोमाग तांदळाची भाकरी आणि वालाचं कालवणही आलं. नको म्हणायची सोय नव्हती. कालवण इतकं तिखट की मला ठसका लागला, आणि सून तोंडाला पदर लावून हसली.

"आमी तवा साजगावच्या फुडं वीटभट्टीवर व्हतो," चांगुणाबाई सांगू लागल्या. "माजं पयलंच मत. मुकादम सोडीना. मी म्हनलं, मी जानार. पाटं निघाले ती चालत दुपारी पोचले. तर म्हनं तुजं मत झालं! मी रडाया लागले. गुरुजींनी मला येगळा कागुद दिला, पाकिटात घातला, लाख लावली. सगल्यांचं पेटीत, माजं एकलीचं पाकिटात. मी वाडीत येऊन सांगितलं, माजं मत टपालानं दिल्लीला गेलं. तवापासनं मी दिल्लीवाली."

घास माझ्या हातातच राहिला. अण्णांचं ओझं उतरवायला मी आले होते. पण ते उतरवून ठेवायचं कुठं, तर या बाईच्या डोक्यावर, हे मला घरून निघताना सुचलंच नव्हतं. आपण गुरुजी गेल्याचं सांगावं, नमस्कार करावा आणि उठावं, असंही मनात आलं.

"आता गुरुजी कसं हायत?"

"माघात गेले."

त्यांनी निवडलेली करवंदं बाजूला सारली. मग म्हणाल्या, "त्या पाकिटाचं फुडं काय झालं गं, बाय? तुला सांगून गेलं असतील."

सरळ विचारल्यावर मला खोटं बोलता आलं नाही. अण्णा एकदा बोलले होते तेवढं पुरे होतं. मी सगळं सांगितलं. पाकीट कुणी उघडत नाही. ते मोजलं गेलं नाही. दिल्लीला गेलं नाही. अण्णांना ते तेव्हाच माहीत होतं, आणि त्याची खंत त्यांना शेवटपर्यंत होती.

चांगुणाबाई उठल्या आणि आत गेल्या. सूनही हसायची थांबली. मी चपलेची सुतळी पुन्हा बांधत बसले. आपण चूक केली याची मला खात्री पटत चालली होती.

त्या बाहेर आल्या. डोळे लाल होते.

"म्हंजे मी चालले ते फुकाट."

मी मान खाली घातली.

"मंग सकाली माज्या नावावर कोन येऊन गेली?"

"ते अण्णांनाही कळलं नाही. कुणीतरी बाईच होती. यादीतली वयं अंदाजानं लिहिलेली असायची, त्यामुळे कुणाला शंका आली नाही."

त्या आंब्याच्या बुंध्याशी टेकल्या. उजव्या हातानं डाव्या हाताचं बोट चोळत राहिल्या. मग एकदम थांबल्या.

"बिब्ब्याचा डाग," त्या म्हणाल्या.

"काय?"

"माजी सासू. त्या सांजंला तिच्या बोटाला काला डाग व्हता. मी इचारलं, आत्याबाय, काय लागलं? तर म्हनली, बिब्बा उतला. आनी हात पदराखाली घेतला. हप्ताभर हात पदराखालीच. तिचं नावच नव्हतं यादीत. नावं लिवाया मानसं यायची तवा ती रानात असायची, डिंकाला नायतर लाकडाला. लई जीव व्हता तिचा मत द्याया. म्हनायची, सगल्या जातात, मला का नाय बोलवीत?" त्यांनी आपल्याच बोटाकडे पाहिलं. "तिला वाटलं असंल, मी काय भट्टीवरनं येत नाय."

"तिनं तुम्हाला कधीच सांगितलं नाही?"

"कशी सांगनार? मी आल्या आल्या रडत व्हते ना, माजं मत चोरलं म्हनून! शिव्या देत व्हते चोराला. ती चुलीशी बसून ऐकत व्हती." त्या हसल्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "सांगितलं असतं तर मी काय बोलले असते व्हय? बोलले असते. लई भांडले असते. फुडच्या पावसात गेली बिचारी. तिचं एकलंच मत झालं ते."

सुनेनं हळूच विचारलं, "मंग ते तरी मोजलं का?"

"ते पेटीत पडलं होतं," मी म्हटलं. "ते मोजलं."

"मोजलं," चांगुणाबाई म्हणाल्या. पुन्हा एकदा म्हणाल्या, "म्हातारीचं मोजलं." मग माझ्याकडे वळल्या. "आदी मला तुजा राग आला व्हता, बाय. आता नाय. मला ती म्हातारी आत्ता पायजे व्हती गं. एकदा तरी म्हनले असते, आत्याबाय, बोट दाव."

निघताना त्यांनी करवंदांचा द्रोण हातात दिला आणि बांधापर्यंत आल्या. अण्णांबद्दल त्या वेगळं काही बोलल्या नाहीत. माफ केलं असंही नाही. मीही विचारलं नाही.

परतीची गाडी संध्याकाळी कर्जतहून निघाली. घाट चढायला मागून इंजिन जोडलं. खालच्या वाड्यांमधून चुलींचा धूर वर येत होता. त्यातली चांगुणाबाईंची वाडी कुठली ते मला ओळखू येईना. करवंदं खाऊन माझी बोटं जांभळी झाली होती. समोरच्या बाईंनी विचारलं, "माहेरी गेला होतात वाटतं?" मी हो म्हटलं.

जाताना वाटलं होतं, अण्णांचा निरोप पोचवला की आपलं काम संपलं. आता निरोप उलट्या दिशेचा होता. अण्णा, ती चोरी नव्हती. त्या सकाळी एका बाईनं तिच्या जन्मातलं एकुलतं एक मत दिलं, आणि ते तुमच्या डोळ्यांसमोर पेटीत पडलं. हे ऐकून ते उठून बसले असते, चष्मा शोधला असता, ती बाई दिसायला कशी होती ते आठवायचा प्रयत्न केला असता. चार महिने आधी मी ही गाडी धरली असती, तर हे सांगायला घरी माणूस होतं. चिंचवड आलं. मी उतरले, आणि नेहमीच्या रस्त्यानं घरी चालत गेले.